वटवाघूळ कोणत्या गटातले?

प्राणी-वर्गीकरणाच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांचे स्वागत एका प्रश्नाने करतो: वटवाघळाला कुठे बसवायचे? खुलताबादचा घाट उतरून वेरूळला गेलात की लेण्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत ते लटकलेले असते. उडते, पण अंडी घालत नाही. पिलाला दूध पाजते.

कीर्तनातून घरोघरी पोचलेल्या चार खाणी, म्हणजे जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज, फक्त जन्म विचारतात. त्या हिशेबाने ते गाईच्या पंक्तीला बसते. चरकसंहितेला आहारातल्या मांसाचे गुण सांगायचे होते, म्हणून तिथले आठ गट खाण्याच्या आणि राहण्याच्या रीतीवर बेतलेले आहेत: उकरून टिपणारे विष्किर, चोचीने टोचून खाणारे प्रतुद, बिळात राहणारे भूमिशय. बैलबाजारातला व्यापारी आधी खिलार की देवणी हे पाहतो, मग जबडा उघडून आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला हे ठरवतो. त्याला वय आणि किंमत हवी असते.

मला सर्वांत ओढ आहे ती जैन परंपरेची. वेरूळची 30 ते 34 क्रमांकांची लेणी याच परंपरेची. उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र प्राण्यांना इंद्रियांच्या संख्येने लावते: कृमीला स्पर्श आणि चव ही दोन, मुंगीला गंधासह तीन, भुंग्याला दृष्टीसह चार, माणसाला श्रवणासह पाच. मुंगीलाही डोळे असतात हे आज आपण जाणतो. पण तिचे जग गंधावर चालते हे त्यांनी अचूक हेरले होते. प्रज्ञापनासूत्रात पक्ष्यांचे चार प्रकार आहेत आणि त्यांत चर्मपक्षी वेगळे काढले आहेत. वटवाघूळ तिथे येते. ते पक्ष्यांतच राहिले खरे, तरी त्याचा पंख पिसांचा नाही, कातडीचा आहे, हे नोंदवणारी नजर फार मोलाची आहे.

1758 साली निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने दात आणि छातीवरचे स्तन पाहून वटवाघळाला माणूस आणि माकड यांच्याच गणात घातले. 1779 साली ब्लूमेनबाखने त्याला स्वतंत्र गण दिला. डीएनएच्या अभ्यासाने आता त्याला घोडा, गाय, मांजर आणि देवमासा यांच्या मोठ्या कुळात नेले आहे. उंदराशी त्याचे जवळचे नाते नाही.

प्रत्येक वर्गीकरण आपापल्या प्रश्नाला प्रामाणिक असते, पण सगळी सारख्या तोलाची नाहीत. वंशावर उभे असलेले वर्गीकरण नव्या पुराव्याने खोडता येते, दुरुस्त करता येते; म्हणून अभ्यासाचा पाया तेच असावे. मात्र गुराखी, मेंढपाळ, शेतकरी यांची वर्गवारी कुठल्याच ग्रंथात नीट उतरलेली नाही आणि ती जाणणारी पिढी थकत चालली आहे. खुलताबाद तालुक्यातल्या विद्यार्थ्यांनो, आपल्या गावच्या म्हाताऱ्यांकडे जा. कोणता जीव ते कोणाच्या जोडीला धरतात आणि का धरतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.