रेषालेखक सरवटे आणि नांदेडची नजर

मराठी व्यंगचित्रकलेचा इतिहास सांगताना मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर सहसा कोणी पाऊल टाकत नाही. ते काहीसे स्वाभाविकही आहे. नियतकालिके, छापखाने, कलाशाळा, प्रकाशक हे सारे तेथेच एकवटलेले. परंतु चित्र छापले जाते तेवढ्याने त्याचे आयुष्य पूर्ण होत नाही. ते कोणीतरी पाहावे लागते, पुन्हा पाहावे लागते, आणि जपूनही ठेवावे लागते. ज्येष्ठ व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांच्या कामाचा साक्षेपाने मागोवा घेणारा ‘रेषालेखक वसंत सरवटे’ हा ग्रंथ राजहंस प्रकाशनाने काढला, तेव्हा दिलीप माजगावकर यांच्या जोडीने त्याचे संपादन केले ते नांदेडचे कथाकार आणि व्यंगचित्रांचे संग्राहक मधुकर धर्मापुरीकर यांनी. मुंबईत राहून काम केलेल्या चित्रकाराचा असा अभ्यास गोदावरीकाठच्या एका वाचकाच्या हातून व्हावा, ही गोष्ट वाटते तितकी योगायोगाची नाही.

सरवटे यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९२७ रोजी कोल्हापुरात झाला. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता. मुंबईत असोसिएटेड सिमेंट कंपनीत त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. दिवसा कचेरीतले आराखडे आणि उरलेल्या वेळात व्यंगचित्रे, असा हा दुहेरी संसार. पूर्ण वेळ या कलेला न देताही तिच्याशी इतके व्यावसायिक इमान राखणारी माणसे थोडी. रोमानियात जन्मलेले आणि पुढे ‘न्यूयॉर्कर’मुळे जगभर गाजलेले सोल स्टाइनबर्ग यांनीही मिलानमध्ये वास्तुशास्त्राचीच पदवी घेतली होती. वास्तू, जिने, खिडक्या, माणसांनी गजबजलेल्या जागा यांची नेमकी मांडणी सरवट्यांच्या चित्रांत दिसते, तिच्यामागे आराखड्याच्या कागदावर घडलेला हात आहे, असे मला वाटते.

या नोकरीने त्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे नकार देण्याची मोकळीक. दैनिकातील व्यंगचित्रकाराचे जीवन वेगळे असते. रोज एक चित्र, रोज एक विषय, आणि डोक्यावर संपादक किंवा मालक. आर. के. लक्ष्मण यांना ‘फ्री प्रेस जर्नल’ सोडावे लागले ते साम्यवाद्यांवर व्यंगचित्रे काढू नयेत अशी मालकांची भूमिका असल्यामुळे. पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ते अर्धशतक रमले. त्याच ‘फ्री प्रेस’मधले त्यांचे सहकारी बाळ ठाकरे यांनीही ते वर्तमानपत्र सोडले आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी स्वतःचे ‘मार्मिक’ काढले. एकाने दुसरे दैनिक शोधले, दुसऱ्याने स्वतःचे साप्ताहिक उभारले. सरवट्यांवर ही वेळच आली नाही. घरची चूल सिमेंटच्या पगारावर पेटत होती, त्यामुळे रेषा कोणाची मिंधी झाली नाही. राजकीय घडामोडींवर रोजच्या रोज भाष्य करण्याची सक्तीही नव्हती. त्यांच्या वाट्याला आले ते मासिकांचे आणि पुस्तकांचे जग, म्हणजेच साहित्यिकांचे जग. त्यांच्या स्नेहसंबंधांची पाळेमुळे तेथेच रुजलेली आहेत.

जानेवारी १९६४ मध्ये मॅजेस्टिकचे केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ मासिक सुरू केले. त्यात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर येऊ लागले आणि साहित्यविश्वात एकच खळबळ उडाली. हा ठणठणपाळ कोण, याचे कुतूहल बराच काळ टिकले. ते जयवंत दळवी होते. दळवींनी शब्दांनी उभ्या केलेल्या या टवाळखोर गृहस्थाला शरीर दिले ते सरवट्यांनी. हातात भला थोरला हातोडा घेतलेली ती मूर्ती इतकी पक्की ठसली, की वाचकाच्या मनात लेखकाचा चेहरा उमटण्याऐवजी सरवट्यांनी काढलेलाच चेहरा उमटे. लेखक आणि चित्रकार यांची अशी भागीदारी मराठीत क्वचितच जमली असेल. चित्र मजकुराची शोभा वाढवण्यापुरते नव्हते. ते त्या सदराचे अर्धे अंग होते.

‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे हा तर सरवट्यांच्या कर्तृत्वाचा स्वतंत्र अध्याय म्हणावा लागेल. वर्षानुवर्षे त्यांनी ती रंगवली. मराठी साहित्यातील नामवंत मंडळी एखाद्या प्रसंगात एकत्र आलेली, प्रत्येकाची लकब नेमकी टिपलेली, आणि साऱ्या दृश्याला त्या वर्षीच्या साहित्यिक घडामोडींचा तिरकस संदर्भ. आज याचे अप्रूप कदाचित वाटणार नाही. दूरचित्रवाणी घरोघरी पोचण्यापूर्वी लेखकाचा चेहरा वाचकाला सहजी दिसत नसे. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचे अस्पष्ट छायाचित्र, किंवा गावात कधीकाळी झालेले व्याख्यान, एवढाच आधार. अशा काळात नांदेड किंवा लातूरच्या वाचकाला लेखकांची ओळख पटवून देण्याचे काम या अर्कचित्रांनी केले.

येथे एक नाजूक प्रश्न येतो. ज्यांच्यात उठबस त्यांचीच थट्टा करायची, आणि तीही छापील, सर्वांसमक्ष! मराठी साहित्यिक थट्टेने सुखावतात असा कोणाचाच अनुभव नसावा. ठणठणपाळाच्या टोल्यांनी अनेकजण दुखावत असत. सरवट्यांच्या चित्रात मात्र बोच असली तरी डूख नव्हता. माणसाचे नाक त्यांनी लांबवले, पोट फुगवले, पण त्याला लहान केले नाही. अर्कचित्र काढताना ते त्या माणसाच्या शरीरापेक्षा त्याच्या स्वभावाकडे अधिक पाहत. त्यामुळे ज्याचे चित्र निघे त्याला आपली खोडी काढली गेली असे वाटे आणि आपल्याला कोणीतरी नीट वाचले आहे असेही वाटे. या दुसऱ्या भावनेवर स्नेह टिकतो.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ला त्यांची चित्रे लाभली. विंदा करंदीकरांच्या बालकवितांना त्यांनी रूप दिले. ‘एटू लोकांचा देश’ची ती चित्रमय दुनिया ज्यांनी लहानपणी पाहिली त्यांना ती कविता चित्रांवाचून आठवणे कठीण. विजय तेंडुलकरांच्या लेखनालाही त्यांच्या रेषेची सोबत मिळाली. या तिघांच्या प्रकृती परस्परांहून किती भिन्न! पुलंचा प्रसन्न गोतावळा, विंदांचा खट्याळ तर्क, तेंडुलकरांची धारदार निरीक्षणशक्ती. एकच हात तिघांना पुरून उरला, कारण मुळात तो वाचकाचा हात होता. संहिता वाचल्याशिवाय चित्राला हात घालायचा नाही, ही शिस्त त्यात दिसते. ‘रेषालेखक’ हे अभिधान त्यांना शोभते ते या अर्थाने.

सरवट्यांनी लिहिलेही पुष्कळ. ‘खडा मारायचा झाला तर...!’, ‘सावधान! पुढे वळण आहे’, ‘खेळ रेषावतारी’ हे त्यांचे संग्रह रसिकांना परिचित आहेत. ‘परकी चलन’मध्ये त्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांची ओळख करून दिली, तर ‘व्यंगकला-चित्रकला’ आणि ‘व्यंगचित्र : एक संवाद’ या पुस्तकांत या कलेचा गंभीर विचार मांडला. व्यंगचित्राकडे पानपूरक म्हणून पाहण्याची आपली जुनी खोड आहे. हास्यचित्र, व्यंगचित्र, अर्कचित्र यांतील भेदही आपण धड जाणत नाही. ही उपेक्षा त्यांना सलत असावी. अन्यथा चित्रे काढून मोकळा होणारा कलावंत एवढ्या निष्ठेने समीक्षेच्या वाटेला जाता ना.

आता नांदेडकडे वळू. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिक्षणाचे माध्यम उर्दू, मराठी नियतकालिकांचा व्याप तोकडा. मराठी मासिके आणि दिवाळी अंक यांचे मोठे वाचन येथे रुजले ते मुख्यतः मुक्तीनंतरच्या दशकांत. त्याला आधार होता सार्वजनिक वाचनालयांचा. ठरावीक वर्गणी भरून अंक आळीपाळीने घरी नेण्याची योजना हा आपल्याकडच्या दिवाळीचाच भाग. नरहर कुरुंदकरांसारख्या चिकित्सक विचारवंताच्या वावराने नांदेडच्या वाचनसंस्कृतीला एक धारही आली होती. कलाशाळा आणि कलादालने हाताशी नसलेल्या वाचकाला चित्र भेटे ते छापील पानावर. म्हणून तो त्या पानाकडे अधिक टक लावून पाहत असे.

धर्मापुरीकर हे या वाचनपरंपरेतले. ते कथाकार आहेत. आर. के. नारायण यांच्या ‘मालगुडी डेज’चा मराठी अनुवाद त्यांनी केला. नारायण हे लक्ष्मण यांचे थोरले बंधू, आणि मालगुडीच्या कथांना चित्रे लक्ष्मण यांचीच. शब्द आणि रेषा या सख्ख्या भावंडांचा हा धागा या अनुवादकाला खुणावत असणार! देशी-विदेशी व्यंगचित्रांचा मोठा संग्रह त्यांनी जमवला आणि ‘हसऱ्या रेषेतून हसवण्याच्या पलीकडले’ हे पुस्तक लिहून त्यातील अर्थ उलगडला. एका चित्रापाशी थांबावे, त्यातली माणसे, त्यांच्या नजरा, कोपऱ्यातली एखादी वस्तू निरखावी आणि मग बोलावे, अशी ही पद्धत. सरवटे ज्या गांभीर्याने चित्र काढत त्याच गांभीर्याने ते पाहणारा वाचक त्यांना नांदेडात मिळाला.

वसंत सरवटे २४ डिसेंबर २०१६ रोजी निवर्तले. दळवी १९९४ मध्ये, पुलं २००० मध्ये, तेंडुलकर २००८ मध्ये आणि विंदा २०१० मध्ये गेले होते. ‘ललित’च्या मुखपृष्ठांवरची कितीतरी माणसे त्यांच्या आधीच चित्रापुरती उरली होती. चित्रांचेही सारे आलबेल नाही. पुस्तकातली चित्रे आवृत्त्यांबरोबर टिकतात, मासिकांतली टिकत नाहीत. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ सर्वांत आधी फाटते. वाचनालयात दोन-तीन वर्षे हाताळून झाल्यावर अंक बाद होतो, त्याचा गठ्ठा बांधला जातो आणि तो रद्दीच्या दुकानी रवाना होतो. तेथून एखादा अंक उचलून घरी आणणारा, त्यातले चित्र कोणाचे हे ओळखणारा आणि वर्षाची नोंद करून ठेवणारा माणूस त्या त्या गावात असला तर असतो.