लेकुरवाळ्यांचा प्रवास
आगगाडी येण्यापूर्वी जेजुरीच्या जत्रेस अथवा पंढरीस निघालेल्या कुटुंबाच्या बैलगाडीत शिधा, वैरण आणि अंथरुणे यांच्याबरोबर जुन्या मऊ लुगड्यांची बाळुती व पाण्याचा तांब्या ही सामग्रीही अगत्याने घेतली जाई. कारण तान्ह्या मुलाची निकड मुक्कामाची वाट पाहत नसे. ओढा दृष्टीस पडला की गाडीवान गाडी उभी करी, आणि घरातील वडीलधारी स्त्री पाणवठ्यापासून दूर, झुडपाआड बसून, आपली दोन्ही पावले जुळवून त्यांवर मुलास बसवी व मागाहून माती लोटी. या आसनात मुलास पडण्याचे भय नसे, की त्याच्या अंगास काटाकुटा लागत नसे. आजीबाईंचे हे चातुर्य मला मोठमोठ्या धर्मशाळांच्या स्थापत्याइतकेच आदरणीय वाटते. मुलांना निदान दिवसाउजेडी ही मोकळीक होती. त्यांच्या मातांना मात्र अंधाराचीच वाट पाहावी लागे, आणि ही कुचंबणा सरकारी दप्तरात क्वचितच उतरली.

१८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८६३ साली तो बोरघाट चढून गेला, आणि वाहन थांबविण्याचा मातेचा जुना अधिकार संपुष्टात आला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत दीर्घकाळ शौचकूपाची तजवीजच नसल्यामुळे स्थानक येईतो मुलास थोपवून धरणे, आणि गाडी थांबताच त्याला कडेवर घेऊन धावणे, एवढेच तिच्या हाती उरले. पुढे शौचकूप आले. परंतु १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी लिहिले, तेव्हा या शौचकूपांच्या गलिच्छपणाची तक्रार त्यांना करावीच लागली.