नाव गवत, जात तणाची

संस्कृतातलं ‘तृण’ प्राकृतात ‘तण’ झालं आणि मराठीत येता येता पदावरून उतरलं. तृण म्हणजे साधं गवत, गुरांचा घास. आपल्या शेतकऱ्याने मात्र चाऱ्याला ‘गवत’ म्हटलं आणि पिकाच्या मुळावर येणाऱ्या रोपाला ‘तण’. खुरपं धरणाऱ्या हाताने केलेला हा भेद ‘गाजर गवत’ या नावात पुसला गेला आहे.

पानं गाजरासारखी कातरलेली म्हणून ‘गाजर’. पण कूळ ना गाजराचं, ना गवताचं. हे सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याची बारीक पांढरी फुलं पाहून कोणी त्याला ‘चटक चांदणी’ म्हटलं. गुरं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. लावलंच तर दूध कडवट होतं. त्यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्यामुळे अनेकांच्या अंगावर खाज सुटून चट्टे उठतात, परागांनी शिंका आणि दमा सुरू होतो.

‘काँग्रेस गवत’ या नावामागे दोन समजुती आहेत. फुलं पांढऱ्या टोपीसारखी दिसतात, ही एक. काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून हे आलं, ही दुसरी. पण पुण्यात त्याची नोंद १९५५ सालची आणि त्या गव्हाचा करार १९५६चा. नाव रुजलं म्हणून कथा खरी ठरत नाही.

फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावं. फूल नसेल तर त्याचं कंपोस्टही होतं. मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पानं फस्त करतात. तरी मोकळी झालेली जागा रिकामी ठेवली, तर ते पुन्हा उगवतंच. तिथे दाटीने वाढून त्याला दाबणारा हवा तो टाकळा, म्हणजेच तरोटा.

या टाकळ्याची संस्कृत नावं ऐकण्यासारखी आहेत: ‘दद्रुघ्न’ आणि ‘चक्रमर्द’. दद्रु म्हणजे गजकर्ण. त्याची गोल चकती चिरडणारा तो चक्रमर्द. एक वनस्पती कातडीवर चट्टे उठवणारी, तर तिची जागा घेणारी चट्टे मोडणारी म्हणून नावाजलेली. शिवाय पहिल्या पावसानंतर कोकणात टाकळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी ताटात येते.

हिवाळ्यात टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवावं आणि मृगाआधी बांधावर, पडीक जागेत फेकावं. आणि त्या दुसऱ्या झाडाला यापुढे गवत म्हणू नये. त्याला तणच म्हणावं, म्हणजे दिसताक्षणी हात खुरप्याकडे जाईल.