कुत्र्याला तेल पाजताय? ठसका न लागताच फुप्फुसाला इजा होऊ शकते

कुत्र्याचं पोट साफ होत नाही, त्यानं काहीतरी विषारी खाल्लंय किंवा घशात हाड अडकलंय, असं वाटलं की घरात पहिला उपाय ठरलेला असतो. जबडा धरायचा आणि तेल, तूप नाहीतर मेडिकलमधून आणलेलं लिक्विड पॅराफिन तोंडात ओतायचं. पण हेच तेल श्वासनलिकेत गेलं तर ‘लिपिड न्यूमोनिया’ होतो. म्हणजे स्निग्ध पदार्थामुळं फुप्फुसाला येणारी सूज.

ठसका का लागत नाही?

पाणी चुकून श्वासनलिकेत गेलं की लगेच खोकला येतो. लिक्विड पॅराफिनला मात्र चव नाही, वास नाही आणि ते घशाला टोचतही नाही. त्यामुळं कुत्रं खोकत नाही आणि तेल गुपचूप खाली उतरतं. श्वासमार्गातली घाण वर ढकलणाऱ्या बारीक केसांचं कामही ते मंदावतं.

आत काय होतं?

फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे तेल गिळतात, पण खनिज तेल त्यांना पचवता येत नाही. पेशी मरतात, तेल पुन्हा बाहेर पडतं, नव्या पेशी ते गिळतात. हे चक्र चालूच राहतं आणि हळूहळू तो भाग घट्ट होत जातो. तूप आणि माशाचं तेल यांसारख्या प्राणिज चरबीपासून फुप्फुसात दाहक आम्लं तयार होतात, त्यामुळं सूज जास्त तीव्र असते. खाद्यतेलांचा त्रास तुलनेनं कमी असला तरी तीही सुरक्षित नाहीत.

हा धोका माणसांनाही असतो. नाकात तेलाचे थेंब घातलेल्या लहान मुलांमधल्या अशा न्यूमोनियाची नोंद लाफलेन यांनी १९२५ सालीच केली होती.

लक्षणं

खोकला, धाप, ताप, सुस्ती, खाणं सोडणं. कधी लगेच, तर कधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. शांत झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतो. तो सतत त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवावं. हिरड्या निळसर दिसल्या तर एक मिनिटही थांबू नये. पिल्लं, म्हातारी, अशक्त आणि उलट्या करणारी कुत्री जास्त धोक्यात असतात.

निदान आणि उपचार

एक्स-रे काढतात आणि गरज पडल्यास फुप्फुसातलं द्रव तपासून तेलानं भरलेल्या पेशी शोधतात. आत गेलेलं तेल विरघळवणारं औषध नाही. ऑक्सिजन, सलाईन आणि विश्रांती हा मुख्य आधार. अँटिबायोटिक जंतुसंसर्गावर चालतं, तेलावर नाही. म्हणून डॉक्टरांना ‘तेल पाजलं होतं’ हे न लपवता सांगावं, नाहीतर साधा न्यूमोनिया समजून उपचार होतात.

काय टाळावं?

• बाटलीनं किंवा सिरिंजनं जबरदस्तीनं तेल, तूप पाजू नये.
• विषबाधेत तेल देऊ नये. काही विषं चरबीत विरघळतात, ती तेलामुळं अंगात जास्त भिनण्याची भीती असते.
• रॉकेल किंवा तेल पोटात गेलं असल्यास उलटी करवू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरू शकतं.
• गोचीड मारायला अंगावर रॉकेल चोळू नये, कुत्रं ते चाटतं.

डॉक्टरांनी तेलकट औषध दिलंच, तर ते कसं द्यायचं हे विचारून घ्यावं. शक्यतो खाण्यात मिसळावं आणि कुत्र्याला स्वतःहून खाऊ द्यावं.