सुबह सादिकचा उजेड आणि उपग्रहाचा प्रकाशकण

रमजानमध्ये सहरीची वेळ संपते ती सुबह सादिकला. सूर्य अजून क्षितिजाखाली असतो, तरी पूर्वेला उजेड पसरतो. हा उजेड येतो कुठून? अकराव्या शतकात अंदलुसियातील जयान शहराचे काझी इब्न मुआझ यांनी याचा विचार केला. हवेतल्या बाष्पावर पडलेला सूर्यप्रकाश आपल्याकडे वळतो, असे त्यांनी मानले. सूर्य क्षितिजाखाली सुमारे १९ अंशांवर असतो हे धरून त्यांनी त्या थराची उंची काढली, सुमारे ५२ मैल.

ही पुस्तिका बाराव्या शतकात लॅटिनमध्ये गेली आणि पुढे इब्न अल-हैथम यांच्या नावावर चढली. १९६७ साली अब्दुल हमीद साबरा यांनी ती चूक दाखवून दिली. मीही वर्गात कित्येक वर्षे चुकीचेच नाव सांगत होतो.

हवा प्रकाशाचे काय करते, हा प्रश्न आजही जिवंत आहे. चीनने ऑगस्ट २०१६ मध्ये 'मिशियस' हा क्वांटम उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर सोडला. गुप्त संदेशाची किल्ली त्यात एकेका प्रकाशकणावर पाठवली जाते. या कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही. म्हणून कुणी चोरून वाचले तर कळते, पण वाटेत कण हरवला तर तो वाढवून घेण्याचीही सोय नाही.

सुदैवाने दाट हवा खालच्या दहाएक किलोमीटरमध्येच आहे. तीही कण शोषते, विखुरते आणि तिच्या गरम-थंड लहरींमुळे झोत थरथरतो. जमिनीवरून वर पाठवलेला झोत सुरुवातीलाच भरकटतो, वरून येणारा मात्र शेवटी, म्हणून खाली पाठवणे सोपे. दिवसा विखुरलेल्या सूर्यप्रकाशात एकटा कण शोधणे फार अवघड, म्हणून हे प्रयोग रात्री केले गेले. २०१७ मध्ये १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांकडे सेकंदाला ५९ लाख जोड्या निघाल्या, पोहोचली सरासरी एखादी. यात झोत पसरण्याचा वाटाही मोठा होता. तरी तेवढ्या लांब काचतंतूपेक्षा हा मार्ग कितीतरी पटींनी सरस ठरला.

'हे सगळे आपल्या पूर्वजांनी आधीच शोधले होते' असे म्हणायचा मोह मला होत नाही. इब्न मुआझ यांना प्रकाशकण माहीत नव्हता. पण रोजच्या नमाजाच्या वेळेतून त्यांनी आकाश मोजायला घेतले. त्यांचा मान ठेवायचा असेल तर निदान त्यांचे काम त्यांच्याच नावावर लिहू या, आणि पहाटेचा उजेड दिसला की मुलांना विचारू या, हा आला कुठून?