परीक्षणाचा अधिकार आणि समीक्षकाची घडण : कृष्णवर्णीय अमेरिकन रंगभूमीचा दाखला

रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककार, नट आणि नाट्यसंस्था यांच्या आधारे लिहिला जातो. प्रयोगाचे मूल्यमापन करणारा समीक्षक कोठे घडला, कोणाच्या हाताखाली घडला, हा प्रश्न त्या इतिहासात सहसा उपस्थित होत नाही. ज्या समाजाची अभिरुची हीच प्रमाण अभिरुची मानली जाते, त्या समाजात समीक्षक आपोआप घडतो असे वाटते. शाळा, विद्यापीठे, वृत्तपत्रे आणि नाट्यगृहे ही सारी व्यवस्था त्याच्या पाठीशी उभी असते. या व्यवस्थेबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजाला मात्र आपला समीक्षक जाणीवपूर्वक घडवावा लागतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रंगभूमीच्या दोनशे वर्षांच्या वाटचालीत हा प्रयत्न पुनःपुन्हा झाला आणि पुनःपुन्हा खंडित झाला. त्याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, या घडणीचे यश शिष्याला मिळणाऱ्या व्यासपीठावर जसे अवलंबून असते, तसेच आपल्याच माणसांविषयी कठोर होण्याची मोकळीक गुरूने त्याला दिली की नाही, यावरही अवलंबून असते.

या रंगभूमीचा आरंभ आणि तिच्या उपहासाचा आरंभ एकाच वेळी झाला. 1821 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राउन यांनी आफ्रिकन ग्रोव्ह ही नाट्यसंस्था उभी केली आणि तेथे शेक्सपिअरची नाटके होऊ लागली. 'नॅशनल ॲडव्होकेट' या पत्राचे संपादक मॉर्डेकाय नोआ यांनी तिची टवाळी करणारे मजकूर छापले. हेच नोआ शहराचे शेरीफही होते. म्हणजे परीक्षणाची लेखणी आणि शासनाचा दंडुका एकाच हाती होता. अमेरिका सोडून इंग्लंडला गेलेल्या आयरा ऑल्ड्रिजलाही हा अनुभव चुकला नाही. 1833 मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डनमध्ये त्याने ऑथेल्लो उभा केला, तेव्हा काही पत्रांनी त्याच्या अभिनयापेक्षा त्याच्या वर्णाचीच चर्चा केली. नट उभा राहू शकला, परंतु त्याच्या कलेचे वाचन करणारी दृष्टी त्याच्या समाजाच्या हाती नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे चित्र पालटू लागले. वॉशिंग्टनमधील एका कृष्णवर्णीय माध्यमिक शाळेत मेरी बरिल या शिक्षिका होत्या. त्या स्वतः नाटककार होत्या आणि विलिस रिचर्डसन हा त्यांचा विद्यार्थी. 1923 मध्ये रिचर्डसन यांचे 'द चिप वुमन्स फॉर्च्यून' ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय लेखकाचे संगीतिका नसलेले नाटक तेथे प्रथमच होत होते. हॉवर्ड विद्यापीठात माँटगोमेरी ग्रेगरी आणि ॲलन लॉक यांनी नाट्यशिक्षणाला विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली. मात्र कला की प्रचार, हा वाद याच वर्तुळात पेटला होता. 1916 मध्ये अँजेलिना वेल्ड ग्रिम्के यांच्या 'रेचेल' या नाटकाच्या निमित्ताने तो प्रकट झाला आणि पुढची अनेक दशके शमला नाही.

डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांची भूमिका या संदर्भात निर्णायक ठरते. 'द क्रायसिस'चे संपादक या नात्याने त्यांनी 1926 मध्ये कृष्णवर्णीय रंगभूमीची चार लक्षणे सांगितली : ती आपल्या जीवनाविषयी असावी, आपल्या लेखकांची असावी, आपल्या प्रेक्षकांसाठी असावी आणि आपल्या वस्तीजवळ असावी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका लेखात त्यांनी कृष्णवर्णीय कलेचे मूल्यमापन कृष्णवर्णीयांच्याच स्वतंत्र निवाड्याने व्हावे, असा आग्रह धरला. म्हणजे परीक्षणाचा अधिकार हे जणू पाचवे लक्षण त्यांच्या मनात होते. परंतु हा निवाडा करणारे कोठून यावेत, याची व्यवस्था त्यांच्यापाशी नव्हती. 'क्रायसिस'च्या नाट्यलेखन स्पर्धेचे परीक्षण करण्यासाठी युजीन ओनील यांच्यासारख्या गौरवर्णीय नाटककाराला पाचारण करावे लागले, यातच ती उणीव दिसते.

दु बॉइस यांच्या क्रिग्वा प्लेअर्स या नाट्यमंडळाची कथा तर अधिकच बोलकी आहे. हार्लेममधील ग्रंथालयाच्या तळघरात त्यांचे प्रयोग होत. युलाली स्पेन्स या तरुण लेखिकेचे 'फूल्स एरंड' हे नाटक 1927 मध्ये स्पर्धेत गाजले आणि 200 डॉलरचे पारितोषिक मिळाले. ती रक्कम दु बॉइस यांनी निर्मितीखर्चाकडे वळवली. लेखिका आणि नटमंडळी यांच्या हाती काही आले नाही आणि मंडळ विस्कटले. पैशांचा प्रश्न हे निमित्त होते. मूळ मतभेद वाङ्मयीन होता. दु बॉइस यांना प्रचाराचे नाटक हवे होते. हार्लेममधील सामान्य माणसांच्या भांडणांतले आणि हास्यातले नाट्य स्पेन्स यांना मोलाचे वाटत होते. गुरूने आश्रय दिला, रंगमंच दिला. मतभेदाला मात्र जागा दिली नाही.

ही जागा त्याच काळात वेगळ्या ठिकाणी निर्माण झाली. ए. फिलिप रँडॉल्फ आणि चँडलर ओवेन यांच्या 'द मेसेंजर' या समाजवादी मासिकात 1923 ते 1927 या काळात थिओफिलस लुईस नाट्यपरीक्षणे लिहीत होते. ते टपाल खात्यात नोकरी करीत आणि नाट्यशास्त्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. हार्लेममधील व्यापारी नाचगाण्याच्या कार्यक्रमांवर त्यांनी सहानुभूतीची सवलत न देता लिहिले. समूहनृत्यासाठी उजळ कांतीच्याच मुली निवडण्याच्या प्रथेवर त्यांनी टीका केली. नाट्यगृहांचा व्यवहार परक्यांच्या हाती आहे हे त्यांनी दाखवून दिले. पण सुशिक्षित कृष्णवर्णीय वर्ग स्वतःच्या रंगभूमीकडे पाठ फिरवतो, हेही तितक्याच परखडपणे सांगितले. स्वतःचे नाटककार आणि कायमस्वरूपी नटसंच यांवर उभी असलेली राष्ट्रीय रंगभूमी हे त्यांचे स्वप्न होते. गौरवर्णीय समीक्षकाच्या कौतुकात दयेचा अंश असे, तर समाजातील हितचिंतकांच्या कौतुकात अभिमानाचा. लुईस यांनी या दोन्हींना नकार दिला. 1928 मध्ये 'मेसेंजर' बंद पडले आणि या परंपरेचा पहिला धागा तुटला.

दुसरा धागा लॉरेन हॅन्सबेरी यांच्या घडणीत दिसतो. 1959 च्या 'अ रेझिन इन द सन'ला न्यूयॉर्क नाट्यसमीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला, ही घटना सर्वज्ञात आहे. त्याआधी 1951 पासून हॅन्सबेरी पॉल रोबसन यांच्या 'फ्रीडम' या पत्रात वार्तांकन आणि परीक्षणे लिहीत होत्या, याकडे मात्र कमी लक्ष जाते. संपादक लुई बर्नम हे त्यांचे मार्गदर्शक होते आणि वयोवृद्ध दु बॉइस यांच्याकडेही त्यांनी अध्ययन केले. इतरांच्या कलाकृतींविषयी जबाबदारीने लिहिण्याच्या या सरावातून नाटककाराची दृष्टी घडली. समीक्षेचे शिक्षण सर्जनाला मारक ठरते, या रूढ समजुतीला हा दाखला छेद देतो. 1955 मध्ये 'फ्रीडम'ही बंद पडले.

1960 नंतरच्या दशकात ही जाणीव चळवळीच्या रूपाने पुढे आली. 1968 मध्ये 'द ड्रामा रिव्ह्यू'च्या कृष्णवर्णीय रंगभूमी विशेषांकाचे संपादन एड बुलिन्स यांनी केले. त्यातील लॅरी नील यांच्या लेखाने ब्लॅक आर्ट्स चळवळीचे सौंदर्यशास्त्र मांडले. शिकागोत हॉइट फुलर 'निग्रो डायजेस्ट'चे, म्हणजेच 1970 नंतरच्या 'ब्लॅक वर्ल्ड'चे, संपादक होते. ते रंगभूमीवर वार्षिक अंक काढीत आणि 1967 मध्ये स्थापन झालेल्या लेखक-कार्यशाळेत तरुणांना घडवीत. या पिढीने परीक्षणाचा अधिकार मागितला नाही, तो घेतला. तथापि चळवळीच्या निकषांवर हॅन्सबेरींसारख्या पूर्वसूरींना मध्यमवर्गीय ठरवून बाजूला सारण्याची घाईही या काळात झाली. आमिरी बराका यांनी पुढे हॅन्सबेरींविषयीचे आपले मत बदलले. समीक्षेची अखंड परंपरा असती, तर कदाचित त्यासाठी इतकी वर्षे लागली नसती. 'ब्लॅक थिएटर' हे नियतकालिक 1972 मध्ये सहा अंकांनंतर थांबले आणि 1976 मध्ये 'ब्लॅक वर्ल्ड' बंद झाले.

या खंडित परंपरेची किंमत 1996 मध्ये स्पष्ट झाली. नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी प्रिन्स्टन येथील भाषणात, देशातील व्यावसायिक प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या संघातील 66 पैकी एकच संस्था कृष्णवर्णीय आहे, असे दाखवून दिले. समीक्षकांच्या दृष्टीवरही त्यांनी बोट ठेवले. समीक्षक रॉबर्ट ब्रुस्टीन यांच्याशी त्यांचा वाद 1997 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये जाहीरपणे झाला. एका बाजूला कला वर्णातीत असते हा दावा होता, तर दुसऱ्या बाजूला ज्याला वर्णातीत म्हटले जाते तोच एक वर्ण आहे हे प्रत्युत्तर होते. विल्सन यांच्यामागे लॉइड रिचर्ड्स यांच्यासारखा दिग्दर्शक-गुरू होता. तोलामोलाचा समीक्षक मात्र त्यांच्या बाजूने उभा राहिलेला दिसला नाही. नाटककारालाच स्वतःचा भाष्यकार व्हावे लागले.

2020 मध्ये हा प्रश्न नव्याने उभा राहिला. फेब्रुवारीत टोरोंटोमध्ये मूलनिवासी नाटककार योलांडा बोनेल यांनी आपल्या नाटकाचे परीक्षण केवळ गौरेतर समीक्षकांनीच करावे, असे आवाहन केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये समीक्षक होसे सोलीस यांनी गौरेतर तरुणांसाठी नाट्यसमीक्षेची प्रशिक्षणशाळा सुरू केली. तिला प्रथम वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरचे आणि नंतर न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरचे सहकार्य लाभले. या दोन घटनांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिली घटना परीक्षकाची ओळख निश्चित करते. दुसरी परीक्षकाची तयारी करते. पहिलीची निकड समजण्याजोगी असली तरी ती दुसरीची जागा घेऊ शकत नाही. पब्लिक थिएटरचे संस्थापक जोसेफ पॅप यांना शाळेत नाट्यवाचनाची गोडी लावणाऱ्या शिक्षिका युलाली स्पेन्स याच होत्या. क्रिग्वात ज्या लेखिकेला जागा उरली नाही, तिच्या अध्यापनाचे फळ असे दूरच्या वाटेने परत आले. मात्र नाट्यसंस्थेच्या आश्रयाखाली शिकलेला समीक्षक त्या संस्थेच्या प्रयोगांविषयी किती मोकळेपणाने लिहील, हा क्रिग्वाने मागे ठेवलेला प्रश्न अजून संपलेला नाही.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. 1972 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले आणि दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय साहित्याचा संदर्भ वारंवार आला. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने सर्जनशील लेखनाबरोबर समीक्षालेखनालाही जागा दिली आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून नवे लिहिणारे घडवले. दत्ता भगत यांच्यासारखा नाटककार समीक्षकही असतो, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर योगायोगाची राहत नाही. तरीही दलित रंगभूमीच्या प्रयोगांची नियमित, प्रयोगनिष्ठ परीक्षणे किती झाली, असे विचारले तर उत्तर समाधानकारक येत नाही. भूमिकांची चर्चा विपुल झाली. नेपथ्य, अभिनय, संहितेची बांधणी यांची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली.

लुईस, बर्नम आणि फुलर यांच्या कार्यातून एवढे निश्चित होते की, समीक्षकाची घडण नियतकालिकाच्या पानांवर, महिन्यामागून महिना लिहून होते. नियतकालिक मिटले की शिष्यपरंपरा मिटते आणि पुढच्या पिढीला पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. म्हणून उपेक्षितांच्या रंगभूमीविषयी आस्था असणाऱ्यांनी नाटककाराला मंच देताना समीक्षकासाठी टिकाऊ पानही राखले पाहिजे, आणि त्या पानावर मंचाविरुद्ध लिहिण्याची मुभाही दिली पाहिजे.