चरख्याकडून चक्राकडे

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला, तेव्हा स्वातंत्र्यलढ्यातील चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. चरख्याचे चित्र ध्वजाच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसत नाही, असे व्यावहारिक कारण नेहरूंनी दिले. गांधीजी मात्र नाराज झाले. ही नाराजी केवळ भावनिक होती, असे आम्हाला वाटत नाही. चरखा हे कष्टकऱ्याच्या हातातले साधन. चक्र, धर्माचे असले तरी, सम्राटाने शिळेवर कोरविलेले. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी त्याच स्तंभाचे सिंह राजमुद्रेवर आले. फाळणीत होरपळलेल्या देशाने कलिंगानंतर शस्त्रविजय नाकारणारा राजा निवडावा, यात औचित्य होतेच. तथापि चळवळीची राज्यसंस्था होताना सूत कातणारा माणूस प्रतीकातून बाहेर पडला, याची नोंद आम्हाला आवश्यक वाटते.